एकट्यानं मोटरसायकल छोट्या हत्तीत चढवायची कशी

रताळी मार्केट यार्डात उतरवून रिकामा छोटा हत्ती, म्हणजे टाटाचा छोटा टेंपो, घेऊन परत निघालो की हमखास फोन येतो. “दादा, येताना माझी स्प्लेंडर घेऊन येशील काय? गाडी वाटेतच बंद पडली बघ.” मी बेळगावच्या पश्चिम भागातला. आमच्याकडं पोरं गोव्याला नाहीतर पुण्याला, घरात राहिलेले सगळे साठीच्या पुढचे. दुपारी बारा वाजता रस्त्याकडेला गाडीला हात लावायला माणूस मिळत नाही. त्यामुळं एकट्यानं चढवायची सवय करावीच लागली. स्प्लेंडर, पल्सर, अ‍ॅक्टिवा, अधूनमधून बुलेट, सगळ्या चढवून झाल्या.

ज्यांनी नुकताच छोटा टेंपो घेतलाय, किंवा ज्यांना आपली गाडी खानापूर, निपाणीहून पुण्याला न्यायची आहे आणि सोबत कुणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सुरुवातीलाच एक सांगतो. गाडीवर बसून, एक्सिलेटर पिळून फळीवरनं वर जायचं नाही. मोबाइलवर तसले व्हिडिओ खूप दिसतात. फळीच्या मधोमध गाडी बंद पडली तर पाय टेकायला जमीन फूटभराहून जास्त खाली असते. तिथं पाय टाकायला गेलात की तुम्ही खाली आणि गाडी अंगावर.

आधी टेप काढा

माझ्या गाडीचा हौदा जमिनीपासून २८ इंच आहे. बोलेरो पिकअपचा याहून उंच. तुमचा किती आहे ते टेपनं मोजा, कारण पुढचा सगळा हिशेब त्यावरच आहे.

स्प्लेंडरचं वजन पेट्रोलसकट साधारण ११२ किलो. २८ इंचाच्या हौद्याला ७ फुटांची फळी लावली तर चढ तीनास एक पडतो (तीन फूट फळीला एक फूट उंची), म्हणजे गाडी वर ढकलायला ११२ चा तिसरा हिस्सा, ३७ किलोचा जोर लागतो. फळी सव्वानऊ फुटांची घेतली तर चढ चारास एक, जोर २८ किलो. आणि ४ फुटांची आखूड फळी लावली तर ६५ किलो. तेवढा जोर एकटा माणूस फार तर एखादं पाऊल लावेल, सातवं पाऊल नाही.

आखूड फळीचं दुसरं दुखणं लक्षात यायला वेळ लागतो. पुढचं चाक हौद्यात पोचलं, मागचं अजून फळीवर आहे, अशा वेळी फळी आणि हौद्याचा कोपरा गाडीच्या पोटाखाली येतो. स्प्लेंडरच्या दोन चाकांत १२३६ मिलिमीटर अंतर आणि पोटाखाली १६५ मिलिमीटर जागा. चढ ३० अंशांच्या पुढं गेला की पोट टेकतं. आमच्या २८ इंचाला हे ४ फूट ८ इंचाच्या फळीवरच होतं. इंजिन कोपऱ्यावर बसलं की गाडी पुढंही जात नाही, मागंही येत नाही. बुलेटचं अंतर जास्त, त्यामुळं ती आणखी लवकर टेकते. म्हणून सपाट जमिनीवर फळी ७ फुटांच्या आत नकोच.

जमीन शोधा, ताकद शोधू नका

मला कुणी एकच गोष्ट सांगायला सांगितली तर ही सांगेन. फळी, दोरी, कप्पी हे सगळं नंतर. आधी हौद्याची उंची फुकटात कमी करणारी जागा शोधा.

आपल्या भागात अशा जागा पावलोपावली आहेत. शेताचा बांध घ्या. टेंपो शेतात उतरवून मागची बाजू बांधाला लावली तर २८ इंचातले १६-१७ इंच तिथंच संपतात. उरलेल्या फूटभराला ५ फुटांची फळी टाकली की चढ पाचास एक, जोर २२ किलो. एवढ्याला मला दोरीसुद्धा लागत नाही. रस्ता उंच आणि शेजारचं रान खाली असेल तिथंही हेच. ट्रॅक्टर उतरवायला केलेला मातीचा उतार बहुतेक गावांत असतो. काही गावांत कृषी पत्तीन (पतपुरवठा) सोसायटीच्या खताच्या गोडावनला कट्टा असतो आणि बाजूला चढणीची वाट. सेक्रेटरींना विचारून तिथं लावा. फक्त तो कट्टा ट्रकच्या उंचीचा बांधलेला असतो, छोट्या हत्तीचा हौदा त्याच्या खाली पडतो, तेव्हा गाडी उतारावरनं आत येणार हे ध्यानात ठेवा.

यातलं काहीच नसेल तर थोडा चढाचा रस्ता बघा. टेंपोचं तोंड उताराकडं आणि फाळका, म्हणजे हौद्याचं मागचं दार, चढाकडं करा. मागची जमीन वर येत गेल्यानं फळी जवळजवळ आडवी होते. हे जमवताना टेंपो गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि पुढच्या दोन्ही चाकांच्या पुढं चांगले बसणारे दगड. आणि हौदाही केबिनकडं उतरता असतो, म्हणून गाडी आत आली की सुसाट पुढं जाते, तिला धरून आणायची.

एक सावधगिरी. खानापूरकडची तांबडी माती पावसातही चाक बरं धरते. चिकोडी, अथणीकडच्या काळ्या रानात जून ते ऑक्टोबर टेंपो उतरवू नका. मोटरसायकल वर चढेल, पण टेंपो बाहेर काढायला ट्रॅक्टर बोलवावा लागेल.

फळी

वखारीत जाऊन ८ फूट लांब, ९ इंच रुंद, २ इंच जाडीची फळी मागा. साग घ्यायची गरज नाही, मत्तीची (ऐनाची) चालते. रेषा टोकापासून टोकापर्यंत सरळ गेलेल्या हव्यात आणि मधल्या भागात गाठ नको. बांधकामावरची जुनी सेंट्रिंगची फळी फुकट मिळते म्हणून घेऊ नका. सिमेंटच्या थराखाली चीर दिसत नाही आणि खिळ्यांच्या भोकांनी ती आतून पोखरलेली असते. कुठलीही फळी घरी आणली की दोन टोकांना दोन चिरे ठेवा, मधोमध उभं राहून गुडघ्यात दबून बघा. कर्र असा आवाज आला तर ती चुलीत घाला.

फळीच्या दोन्ही कडांना इंचभर उंच लाकडी पट्ट्या ठोका, मधे ६ इंचांची वाट राहील इतक्या. चाक त्या वाटेतून सरकत नाही. वाटेत जुन्या टायरचे तुकडे आडवे, वीतभर अंतरानं, डोक्याचे खिळे आत बुडवून ठोका. पावसाळ्यात ओलं लाकूड शेवाळल्यासारखं होतं. काही जण वर पोतं अंथरतात. सुटं पोतं चाकाखाली गोळा होऊन गाडीला थांबवतं, नाहीतर सरकून जातं, म्हणून नकोच.

लोखंडाची करायची असेल तर बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं होते, पण तयार चॅनल घ्यायला जाऊ नका. ६ इंची चॅनल मीटरला सोळा किलोच्या वर भरतो, ८ फुटांचा चाळीस किलो. तो एकट्यानं उचलून लावणार कोण? त्यापेक्षा ३ मिलिमीटरचा पत्रा ८ इंच रुंद ठेवून दोन्ही बाजू २ इंच वर वाकवून घ्या. वजन सतरा-अठरा किलो. बुलेट चढवायची असेल तर खाली मधोमध चौकोनी पाइप वेल्ड करून घ्या, नाहीतर मधे वाकतो. लाकूड असो की लोखंड, फळीच्या मध्याखाली चिऱ्यांची किंवा विटांची उतरंड लावून टेकू दिला तर लवणं निम्म्याहून कमी होतं. मी दरवेळी देतो.

आता अडकवण. इथंच माझी चूक झाली होती. पहिल्याच पावसाळ्यात एक पल्सर आणायची होती. फळी हौद्यावर नुसती टेकवली होती, चार बोटं आत. पुढचं चाक वर पोचलं, मी मागनं जोर लावला, आणि मागच्या चाकानं फळीलाच मागं लाथ घातल्यासारखी ढकलली. फळीचं वरचं टोक हौद्यावरनं सुटलं. गाडी उजवीकडं पडली, ब्रेकचं पॅडल दुमडलं, मी डावीकडं होतो म्हणून पाय वाचला. दुरुस्तीचे पैसे मी दिले. गाडीवाले काका काही बोलले नाहीत, पण त्या दिवशी संध्याकाळीच मी वेल्डिंगवाल्याकडं गेलो.

तेव्हापासून फळीच्या वरच्या टोकाखाली लोखंडी अँगल बोल्ट केलेला असतो. तो हौद्याच्या कडेला आतून पकडतो, त्यामुळं फळी मागं सरकू शकत नाही. त्याशिवाय फळीच्या भोकातून साखळी ओवून टेंपोच्या चॅसीला बांधायची. अँगल असला तरी साखळी हवी. मोटरसायकलचा भार हौद्याच्या टोकावर आला की टेंपोचे पाटे दबतात, सगळं इंच-दीड इंच खाली जातं, आणि तेवढ्यात नुसता अँगल निसटू शकतो.

दुसरी फळी तुमच्या पायांसाठी

एकट्यानं चढवणाऱ्याला ही सगळ्यात जास्त लागते आणि सगळ्यात जास्त लोक हीच विसरतात. मोटरसायकल वर जाईल तसे तुम्हीही तिच्यासोबत वर जायला हवेत. जमिनीवरच राहिलात तर हँडल छातीच्या वर जातं आणि तोल हातातून सुटतो. म्हणून चाकाच्या फळीच्या डाव्या बाजूला, वीतभर अंतर सोडून, तुमच्या चालण्याची फळी. तीही तशीच अडकवलेली, तशीच बांधलेली. चाकाच्या फळीवर पाय देऊ नका. गाडीचा भार आणि तुमचा भार एकाच फळीच्या मधोमध आला की चांगली फळीही मोडते.

आता चढवायची

इंजिन बंद ठेवूनच. हाफ क्लचवर इंजिनाच्या जोरानं वर नेणारे आहेत, त्यांना जमतंही. पण पाय घसरला की माणूस आधारासाठी उजवा हात घट्ट करतो, आणि उजव्या हातात एक्सिलेटर असतो.

१. टेंपो पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक, चाकांना दगड. फाळका उघडून खाली सोडा, पण फळीचा भार फाळक्यावर नको, हौद्याच्या कडेवर हवा. फाळक्याच्या बिजागऱ्या त्यासाठी नसतात.

२. मोटरसायकलच्या टायरांचा चिखल काठीनं खरवडून काढा. पेट्रोलचा कॉक असेल तर बंद. आरसे आत वळवा. साइड स्टँड वर आहे ना, बघा.

३. पुढचं चाक फळीसमोर नेमकं सरळ आणा. तिरकं सुरू केलं की मधे सुधारता येत नाही. पाच फूट मागं घेऊन पुन्हा सरळ करा, कंटाळू नका.

४. पहिला गिअर टाका. क्लच दाबला की गाडी मोकळी, सोडला की मागचं चाक इंजिनाला जोडलं जातं आणि जागीच थांबतं. हाच तुमचा ब्रेक. पुढचा ब्रेक चढावर भरवशाचा नसतो, कारण वजन सगळं मागच्या चाकावर गेलेलं असतं आणि पुढचं चाक दाबूनही घसरतं. मागचा ब्रेक उजव्या पायाला, आणि तुम्ही डाव्या बाजूला उभे. म्हणून क्लच.

५. क्लच दाबा, एक पाऊल ढकला, क्लच सोडा. श्वास घ्या. पुन्हा. सात-आठ वेळा केलं की गाडी आत. दम लागला तर क्लच सोडून उभं राहायचं, घाई करायची नाही.

हे करण्याआधी जमिनीवर एकदा तपासा. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडून गाडी मागं ओढून बघा, थांबते का? कारण आपण आणायला जातो ती गाडी बहुधा बिघडलेली असते. चेन तुटलेली असेल तर हा ब्रेक नाहीच. क्लचची वायर तुटली असेल तर उलटं होतं, गिअरमध्ये गाडी हलत नाही आणि न्यूट्रलमध्ये थांबत नाही. अशा गाडीसाठी माझ्याकडं लाकडाची एक पाचर आहे, बाभळीची, तळाला टायर ठोकलेली. ती हातभर दोरीनं मागच्या फूटरेस्टला बांधतो, म्हणजे चाकाच्या मागनं फळीवर फरफटत येते. गाडी मागं आली की चाक तिच्यावर बसतं. गाडी ठेवायची न्यूट्रलला.

अ‍ॅक्टिवाला क्लच नाही आणि इंजिन बंद असलं तरी चाक मोकळंच फिरतं. पण तिचा मागचा ब्रेक डाव्या हातातच आहे, त्यामुळं उलट सोपं. तिची चाकं लहान, फळी आणि हौद्याच्या मधल्या फटीत अडकतात. तिथं जाड रबराचा तुकडा टाकून फट बुजवा.

दोन कप्प्या

बुलेट जवळजवळ १९५ किलोची. तीनास एकच्या चढाला ६५ किलो जोर. इथं कप्पी पाहिजे. विहिरीवर असायची तसली लोखंडी कप्पी हार्डवेअरच्या दुकानात अजून मिळते. दोन घ्या, प्लॅस्टिकच्या नकोत.

हौद्याच्या पुढच्या टोकाला, खालच्या आडव्या चॅनलमधून आरपार एक डोळ्याचा बोल्ट बसवून घ्या. नुसत्या पत्र्यात बसवलेला उपटून येतो. पहिली कप्पी तिथं अडकवा. दुसरी मोटरसायकलला, हँडलच्या खाली दोन्ही शॉकॉप्सर ज्या लोखंडी टीमध्ये धरलेले असतात तिथं मजबूत पट्ट्यानं. हँडलला बांधू नका, एका बाजूनं ओढ बसली की ते वळतं. आता सोलाचं (जाड दोराचं) एक टोक हौद्याच्या बोल्टला बांधा, तिथनं सोल मोटरसायकलच्या कप्पीतून फिरवून परत हौद्याच्या कप्पीत, आणि तिथनं मागं तुमच्या उजव्या हातात. गाडीला दोन पदर ओढतात, म्हणून जोर निम्मा. कप्पीच्या घर्षणात थोडा जातो, तरी फरक ताबडतोब जाणवतो.

याची खुबी अशी की तुम्ही मोटरसायकलशेजारीच उभे असता. डावा हात हँडलवर, क्लचसकट. उजव्या हातानं सोल ओढायचा, त्याच वेळी क्लच दाबायचा. सोल थांबवला की क्लच सोडायचा. हौद्यात बसवलेलं हँडलचं विंच मी वापरून पाहिलं. ते फिरवायला पुढं जावं लागतं आणि मागं गाडीचा तोल धरायला कुणीच नसतं, एकट्याला ते उपयोगाचं नाही. बुलेटला बांध आणि कप्पी दोन्ही लावा. नुसत्या कप्पीवर सपाट जमिनीवरनं चढवायची माझी तरी तयारी नसते.

वाटेत कुणी थांबून हात लावायला आलं तर आनंदानं घ्या, पण आधी एक मिनिट बोला. बैलहोंगल, गोकाककडचा माणूस कन्नडच बोलणारा असू शकतो. “हिडी” म्हणजे धर, “बिडब्याड” म्हणजे सोडू नको. “सावकाश” त्यांनाही कळतं. त्याला उजव्या बाजूला उभं करू नका, गाडी पडली तर तिकडंच पडते. मागं सीटपाशी, तुमच्याच बाजूला राहू दे.

बांधणं

हौदा सात फुटांच्या आसपास, स्प्लेंडर २ मीटरची, म्हणजे साडेसहा फूट. सरळ मावते आणि फाळका लागतो. लांब गाडी थोडी तिरकी ठेवावी लागते. फाळका उघडा टाकून चाक बाहेर काढून नेऊ नका.

पुढचं चाक केबिनकडच्या भिंतीला भिडवा, दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे. गाडी स्टँडवर उभी करू नका, ना साइड, ना मेन. खड्ड्यात उडून स्टँडच मोडतं किंवा पत्र्याला भोक पाडतं. ती दोन चाकांवर ताठ उभी राहायला हवी आणि दोऱ्यांनी धरलेली हवी. गिअर पडलेला राहू द्या.

टीला दोन्ही बाजूंनी रॅचेट बेल्ट (खटक्यानं आवळायचे पट्टे), पुढं आणि खाली, हौद्याच्या दोन कोपऱ्यांना. शॉकॉप्सर निम्मे दबतील एवढेच ताणा. पूर्ण दाबून नेलं तर ऑइल सील जातात. एकटे असाल तर डावीकडचा बेल्ट आधी हलका लावा, गाडी कुल्ल्यानं टेकून धरा, मग उजवा, मग दोन्ही आलटून पालटून चार-चार दात. मागं कॅरिअरच्या लोखंडाला दोन दोऱ्या. इंडिकेटर, फूटरेस्टचं रबर, प्लॅस्टिक यांना काही बांधू नका. रंगाला घासेल तिथं सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा.

पाच-सहा किलोमीटर गेल्यावर थांबून बेल्ट बघा, ते हमखास सैल झालेले असतात. चोर्ला घाटानं गोव्याला जाणार असाल तर घाट सुरू व्हायच्या आधी पुन्हा. निपाणीहून पुढं महाराष्ट्रात जाणार असाल तर त्या मोटरसायकलचं आरसी आणि विमा मालकाकडनं मागून घ्या. दुसऱ्याच्या नावची गाडी हौद्यात घालून सीमा ओलांडणाऱ्याला विचारपूस होणं साहजिक आहे.

उतरवणं

चढवण्यापेक्षा यात गाड्या जास्त पडतात, कारण माणसाला वाटतं आता काय, उतारच आहे. जागा तशीच शोधा, फळ्या तशाच अडकवा, साखळी तशीच. दोऱ्या मागच्या आधी सोडा, पुढच्या शेवटी, आणि शेवटचा बेल्ट सोडताना दुसरा हात हँडलवर.

गाडी उलटी, मागचं चाक आधी उतरवायची. इंजिन बंद, पहिला गिअर, तुम्ही डावीकडं तुमच्या फळीवर. क्लच अगदी थोडा दाबा, चाक हललं की सोडा. गाडी वितीवितीनं खाली येते. क्लच पूर्ण दाबून धरलात तर शंभर किलो एकदम सुटतात. मागचं चाक जमिनीला लागलं की लगेच हुश्श करून हात ढिले सोडू नका, पुढचं अजून फळीवर आहे. दोन्ही चाकं खाली आली, साइड स्टँड लावलं, की मगच फळीची साखळी काढा.